राखाडी टॉवेलांना कडक इस्त्री

वॉशिंग मशीनच्या वर चिकटवलेला तो कागद इन्चार्जबाईंच्या डोळ्यांत रोज सकाळी खुपायचा.

सॉफ्टनर नाही. ब्लीच नाही. गरम पाणी नाही. सुती कपड्यांबरोबर नाही. इस्त्री नाही. जावयाने जाड मार्करने एकाखाली एक लिहिलं होतं आणि शेवटच्या ‘नाही’खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एकतीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत काढलेल्या बाईला कपडे कसे धुवायचे हे लिहून दाखवायचं, म्हणजे कमालच झाली. “उद्या म्हणतील श्वास असा घ्यायचा,” असं पुटपुटत त्या मशीनचं दार जरा जास्तच जोरात लावायच्या.

लाँड्रीत शेवटची बारा वर्षं त्या इन्चार्ज होत्या. तेव्हापासून ट्रॉली ढकलणाऱ्यांपासून सर्जनपर्यंत सगळे त्यांना इन्चार्जबाई म्हणू लागले. निवृत्तीनंतर ती माणसं सुटली, नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं. आता त्या लेकीकडे राहत होत्या. खाली जावयाचं वर्कशॉप, वर घर. वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त होत नसत. तिथे त्या चकचकीत होत. गाडीचा रंग तासन्‌तास घासून, पॉलिश करून, त्यात माणसाला आपले दात मोजता येतील इतका साफ करून द्यायचा, हा जावयाचा धंदा. आणि त्या सगळ्या घासण्यापुसण्याला लागायचे टॉवेल. साधे नव्हेत, मायक्रोफायबरचे. त्यांना कुणी फडकं म्हटलं तर जावयाचा चेहरा असा व्हायचा की जणू त्याच्या पोराला कुणी नावं ठेवली.

निवृत्तीनंतरचं दीड वर्ष इन्चार्जबाईंनी घरात काढलं. त्या काळात त्यांनी घरातली प्रत्येक उशी उसवून पुन्हा शिवली, पडदे इतके धुतले की त्यांच्यावरची फुलं गेली, आणि लेकीच्या कपाटातल्या घड्यांना इतकी नावं ठेवली की शेवटी लेकच म्हणाली, “आई, तू खाली ये. टॉवेल धुवायला कुणी तरी हवंच आहे.” दुसऱ्या दिवशी लेक-जावई उठायच्या आत त्या आपला जुना एप्रन बांधून खाली मशीनपाशी उभ्या होत्या.

या बाईला रक्ताची, पुवाची, मोठ्या डॉक्टरांच्या आरडाओरड्याची कशाचीच भीती कधी वाटली नव्हती. एका वाक्याची मात्र वाटायची. “आई, तुम्ही आता आराम करा.” ते वाक्य जावयाच्या ओठांवर कुठल्याही दिवशी येईल आणि मग आपण वरच्या खोलीत खिडकीशी बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजू, असं त्यांना सारखं वाटायचं.

कामात त्यांना खोट काढता येत नव्हती असं नाही. काढायला जागोजागी होती. टॉवेलांचे तीन ढीग. निळे काचेचे, राखाडी गाडीच्या रंगाचे, काळे चाकांचे. एकाचा दुसऱ्याला स्पर्श होता कामा नये, कारण चाकांवरची ब्रेकची लोखंडी धूळ राखाडी टॉवेलात शिरली तर रंगावर ओरखडे. हे त्यांना पटलं. टॉवेल जमिनीवर पडला की तो उचलून परत गाडीला लावायचा नाही, सरळ काळ्या ढिगात टाकायचा. हे तर त्यांना फारच पटलं. ऑपरेशन थिएटरमध्येही हेच होतं. पण त्यापुढे सगळा आनंदच. पाणी कोमट. साबण दोन झाकणं. वाळवायला पंख्याखालची दोरी, उन्हात नाही. आणि धुऊन झाल्यावर टॉवेल हातात घेतला तर लिबलिबीत, लोळागोळा, घडीला घडी म्हणवेना.

“हे धुतलेलं आहे?” त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“हो, अहो आई, असेच मऊ राहायला हवेत ते.”

“आमच्याकडे चादर उभी राहायची.”

जावई हसला. तो त्यांच्याशी नेहमी हसूनच बोलायचा. बाकी माणूस तापट. पॉलिशचं मशीन कुणी वाकडं धरलं की त्याचा आवाज रस्त्यापलीकडे जायचा. पण सासूबाईंसमोर आला की त्या आवाजाला कुणी मऊ उशी बांधावी तसं व्हायचं. “असू द्या आई.” “काही हरकत नाही आई.” एकदा त्यांनी चुकून काळ्या ढिगात दोन निळे टाकले, तेव्हाही “राहू द्या, मी निवडतो.” इन्चार्जबाईंना या गोडव्याचा मनस्वी राग यायचा. पाहुण्यांशी बोलावं तसं बोलतो हा माणूस. पाहुणे आज ना उद्या जातात.

ओरडा खायला तिथे दुसरा माणूस होता. पन्नाशीचा, उंच, वाकलेला, पॉलिश करणारा. त्याला सगळे सावकाश म्हणत, कारण तो सगळं सावकाश करायचा. बोलायचा सावकाश, चालायचा सावकाश, आणि गाडीच्या बॉनेटवरून टॉवेल फिरवायचा तर इतका सावकाश, की बघणाऱ्याला डुलकी यावी. दोन वेळा पुसलं की टॉवेलाची घडी उलटायची, चार वेळा झालं की नवा घ्यायचा. इन्चार्जबाईंच्या मते तो वेळकाढू होता. त्यांच्या हाताखाली असता तर त्याची दुसऱ्याच दिवशी बदली झाली असती.

भांडण पेटलं ते वासावरून.

राखाडी टॉवेलांना वास यायला लागला. मेणाचा, तेलाचा, आणि त्याखाली आंबूस ओलीचा. धुवून काढले तरी येई, पुन्हा धुतले तरी येई. इन्चार्जबाईंचं नाक म्हणजे लाँड्रीतलं सगळ्यात तिखट यंत्र होतं. चादरीचा वास घेऊन त्या वॉर्ड सांगायच्या. त्यांनी एक टॉवेल जावयाच्या नाकापुढे धरला.

“आई, गाडी काही वास घेत नाही,” तो म्हणाला आणि हसत फोनवर बोलायला निघून गेला.

झालं! अंगाचा नुसता तिळपापड. वास येतो म्हणजे धुतलेलं नाही, आणि धुतलेलं नाही म्हणजे धुणारीला धुता येत नाही. हे सरळ गणित होतं, आणि ते गणित जावयाने हसण्यावारी नेलं होतं. त्या रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिल्या. सकाळी उठल्या त्या ठरवूनच.

गुरुवारी लेक आणि जावई सामान आणायला बाहेर गेले. सावकाश एका पांढऱ्या गाडीच्या दारांत गुंतला होता. इन्चार्जबाईंनी हाताला लागले ते चाळीस राखाडी टॉवेल मशीनमध्ये भरले, सोडा टाकला, आणि बटण नव्वद अंशांवर फिरवलं. मशीन गुरगुरायला लागलं, काचेवर वाफ धरली, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. ओले टॉवेल वर नेले. तिथे इस्त्री होती. ती त्यांनी सुती कपड्यांवर असते तेवढी तापवली आणि एकेक टॉवेल ताणून, दाबून, दोन्ही बाजूंनी असा काढला की घडीची धार बोटाला लागावी. मधूनमधून जळकट, प्लास्टिकसारखा वास येत होता. इस्त्रीच्या तळाला काहीतरी चिकटलं असेल म्हणून त्यांनी तो पुसला आणि पुढे चालू केलं. चाळीस टॉवेलांची चळत झाली. सपाट, कडक, बिनवासाची. त्यांनी चळतीवर तळहात ठेवला आणि स्वतःशीच मान डोलावली.

त्यांनी ते खाली नेऊन राखाडी टॉवेलांच्या फळीवर रचले. कुणी काही म्हणालं नाही. जावई घाईत होता. त्याच्यापुढे वकीलबाईंची काळी गाडी उभी होती.

काळी गाडी म्हणजे या धंद्यात परीक्षाच. काळ्या रंगावर केस पडला तरी दिसतो. त्यातून वकीलबाई. त्या बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या चुकीकडे बघायच्या. गाडीवर तीन दिवस काम चाललं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सावकाशने शेवटचा हात फिरवला, राखाडी टॉवेलांनीच, आणि गाडी झाकून ठेवली.

शनिवारी सकाळी वकीलबाई आल्या. जावयाने गाडी उन्हात काढली, आवरण ओढलं, आणि बाजूला झाला.

आधी काहीच दिसलं नाही. गाडी काळीभोर, ओली वाटावी इतकी. मग वकीलबाईंनी मान तिरकी केली. बॉनेटवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाभोवती बारीक बारीक ओरखड्यांची गोल गोल जाळी उमटली होती. बॉनेटभर. छतावर. दारांवर.

“मी गाडी चमकवायला दिली होती,” वकीलबाई म्हणाल्या. “खरवडायला नव्हती दिली.”

जावयाचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. त्याने सोमवार संध्याकाळची मुदत मागितली, तीनदा माफी मागितली, त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून आला, आणि मग वळला तो सावकाशकडेच.

“काय केलंस हे? काय केलंस? आंधळा झालास का? चाकाचा टॉवेल फिरवलास ना? खाली पडलेला उचलून फिरवलास ना? अठरा वर्षं या कामात आहेस तू! अरे, नवशिक्यालासुद्धा शोभत नाही हे!”

सावकाश वळून खाली वाकला. त्याने हौदाजवळ पडलेला वापरलेला राखाडी टॉवेल उचलला, अंगठ्याने चोळला, तळहातावरून ओढला. मग मान वर करून एकदा इन्चार्जबाईंकडे पाहिलं. एकदाच. आणि टॉवेलाची घडी घालून तो खिशात ठेवला.

“झाली असेल माझ्याकडून चूक, साहेब.”

“असेल? असेल काय? सोमवारपासून येऊ नकोस. आजचं आवर आणि जा.”

 लेक टेबलामागून उठून उभी राहिली, पण नवऱ्याचा चेहरा बघून पुन्हा बसली.

इन्चार्जबाईंना आधी जरा बरंच वाटलं, खोटं कशाला बोला. वेळकाढू माणूस, कधी ना कधी घसरणारच होता. त्यांनी निळ्या टॉवेलांचा ढीग उचलला आणि मशीनपाशी गेल्या. पण हात चालेना. त्याने टॉवेल खिशात का ठेवला? लपवायचा होता तर फेकून द्यायचा. आणि मग माझ्याकडे का पाहिलं त्याने? मी काय त्याचा टॉवेल मळवला? चांगला उकळून दिला होता मी! उकळलेल्या कापडाने कधी कुणाला ओरखडा येतो का? नवजात बाळांना गुंडाळलंय आम्ही उकळलेल्या कापडात.

निळा ढीग मशीनवर तसाच राहिला. पाचही ‘नाही’ डोळ्यांसमोर होती आणि शेवटच्या ‘नाही’च्या दोन रेघा त्यांच्याकडेच बघत होत्या. जेवायला जाते असं सांगून त्या वर गेल्या.

नवे टॉवेल आले की जावई ते कसे पारखतो हे त्यांनी पाहिलं होतं. जुन्या सीडीची चकचकीत बाजू वर करायची, तिच्यावर टॉवेल दाबून घासायचा आणि उजेडात धरायची. ओरखडा दिसला तर टॉवेल परत. घरात सीडी एकच होती. निवृत्तीच्या समारंभाची. तिच्यात अधीक्षकांचं भाषण होतं, गुलदस्ता होता आणि रडू आवरत बसलेल्या इन्चार्जबाई होत्या, असं ऐकिवात होतं. पाहिली कुणीच नव्हती, कारण ती लावायचं यंत्र कुणाकडे उरलं नव्हतं.

वर येताना त्यांनी एक राखाडी टॉवेल आणला होता. मशीनच्या मागे पडून राहिलेला, गुरुवारच्या धुलाईतून सुटलेला, वास मारणारा. त्यांनी आधी तो घासला. दहा वेळा, दाबून. सीडी खिडकीत धरली. काही नाही. मग खालून आणलेला इस्त्रीचा टॉवेल घेतला. दहा वेळा दाबून. धरली.

बॉनेटवर होती तीच जाळी. अधीक्षकांचं भाषण, गुलदस्ता, सगळ्यावरून गोल गोल फिरलेली.

त्यांनी टॉवेल बोटांनी चाचपला. चादर खरखरीत असते तो कडकपणा वेगळा. हे टोचत होतं. एका एका प्लास्टिकच्या धाग्याचं टोक वितळून खड्यासारखं झालं होतं. इस्त्रीचा जळकट वास त्यांना आत्ता आठवला. तो इस्त्रीच्या तळाचा नव्हताच. एकतीस वर्षं ज्या हातांनी कधी एक गाऊन वाया घालवला नव्हता, त्यांनी एका दुपारात चाळीस टॉवेल जाळले होते, आणि वर त्यांची धार बघून मान डोलावली होती. इन्चार्जबाई पलंगाच्या कडेला बसल्या. लाजेने त्यांचे कान तापले.

गप्प बसता आलं असतं. चळत उचलून कचऱ्यात टाकली असती, तर कुणाला कळणार होतं? सावकाशला कळलेलं होतं. पण तो बोलला नव्हता, आणि सोमवारी तो इथे नसणार होता.

ही गोष्ट त्यांना खाऊ लागली, आणि त्या तरातरा जिना उतरल्या.

सावकाश मागच्या नळाशी बादल्या धूत होता. बादलीच्या तळाची जाळी काढून तिच्यातली वाळू तो सावकाश झटकत होता, जणू सोमवारी तीच बादली त्यालाच लागणार होती.

“तुम्हाला कळलं होतं,” इन्चार्जबाई म्हणाल्या.

त्याने ओले हात पँटला पुसले, खिशातून टॉवेल काढला आणि तळहातावरून ओढून दाखवला. “चांगला टॉवेल सुक्या हाताला अडकतो. भेगांत धरतो. हा घसरतो. शुक्रवारी संध्याकाळी दिवे कमी होते, मला जरा घसरल्यासारखं वाटलं, पण मी म्हटलं, नवं मेण आहे, त्याचं असेल. आज सकाळी नीट कळलं.”

“मग बोलला का नाहीत?”

सावकाशने टॉवेलाची पुन्हा घडी घातली. “मला दुसरीकडे काम मिळेल,” तो म्हणाला. “पॉलिशवाला कुठेही लागतो. तुम्हाला या वयात कोण घेणार? साहेबांना कळलं तर ते तुम्हाला वर बसवतील.”

इन्चार्जबाईंना कुणीतरी खाडकन मुस्काटात दिल्यासारखं झालं. त्या या माणसाला आळशी म्हणत होत्या. आणि हा त्यांच्यासाठी अठरा वर्षांच्या कामावर पाणी सोडून बादल्या विसळत बसला होता. त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही असा की आवाज चिरकला.

“तुम्हाला कुणी सांगितला हा शहाणपणा? माझी चूक माझी आहे! ती तुम्ही कोण घेणार? मला कुणाची दया नको आहे!”

“बरं,” सावकाश म्हणाला. “मग सांगा जाऊन.”

जावई टेबलाशी डोकं धरून बसला होता. लेक त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवत होती. इन्चार्जबाईंनी इस्त्रीचा टॉवेल आणि सीडी दोन्ही टेबलावर ठेवलं.

“मी नव्वदवर धुतले. चाळीसही. आणि इस्त्री केली. वास येत होता म्हणून. गाडीवरचे ओरखडे माझे आहेत, त्या माणसाचे नाहीत.”

जावयाने सीडी उचलली. उजेडात धरली. टॉवेल हातावरून ओढला. त्याच्या गळ्याची शीर तटतटून फुगली आणि त्या बघत राहिल्या, आता फुटेल, आता फुटेल. त्याने डोळे मिटले. एक श्वास घेतला. आणि त्या आवाजाला पुन्हा उशी बांधली गेली.

“असू द्या, आई. तुम्हाला माहीत नव्हतं.”

“माहीत होतं. कागद वाचता येतो मला.”

“हो, पण... असू द्या ना. सावकाशला मी सांगतो. खरं तर मीच तुम्हाला या कामाला लावायला नको होतं. या वयात उगाच धावपळ. तुम्ही आता...”

“म्हणू नका,” इन्चार्जबाई म्हणाल्या.

“...आराम करा.”

“आई, खरंच,” लेक म्हणाली. “तुला गरज काय आहे? वर बस छान.”

झालं. ते वाक्य येऊन पोचलं होतं, तेही किती गोड होऊन.  इन्चार्जबाई टेबलावर दोन्ही हात टेकून वाकल्या.

“त्याला ओरडलात ना सकाळी? सगळ्यांसमोर? त्याची चूक नसताना? मग माझी असताना मला ओरडा.”

“आई, मी तुम्हाला कसा ओरडू?”

“तोंडाने.”

“अहो, तुम्ही मला आईच्या जागी...”

“मी तुमच्या मशीनच्या जागी आहे! मशीन बिघडलं तर लाथ घालता तुम्ही त्याला, पाहिलंय मी. माझ्या बाबतीत तेवढंही होत नाही का?” त्या थांबल्या. जावई मान खाली घालून बसला होता. सभ्यपणाची नुसती भिंत. तिला कुठून धक्का द्यावा हे त्यांना कळेना, आणि मग कळलं. त्या वळल्या, मशीनवरचा निळ्या टॉवेलांचा ढीग दोन्ही हातांत उचलला आणि जिन्याकडे चालू लागल्या.

“ते कुठे नेताय?”

“वर. आराम करायचाय ना मला? आराम करता करता यांनाही इस्त्री करते. छान कडक.”

“आई, ठेवा ते खाली.”

इन्चार्जबाई पहिली पायरी चढल्या. मग दुसरी.

“खबरदार!”

आवाज रस्त्यापलीकडे गेला. समोरच्या फुटपाथवर एक माणूस थांबला. जावई खुर्ची पाडून उठला होता.

“खबरदार एक टॉवेल वर गेला तर! अहो बाई, तुम्हाला कळतंय का काय केलंत तुम्ही? चाळीस टॉवेल! एकेक मी पारखून घेतलेला! भिंतीवर लिहिलंय, मोठ्या अक्षरात लिहिलंय, खाली रेघा मारल्यात, त्या काय शोभेला मारल्यात? दोन मारल्यात! तुम्हाला वाटलं तुम्हाला जास्त कळतं! एकतीस वर्षं, एकतीस वर्षं, रोज ऐकतोय मी ती एकतीस वर्षं! ती चादर होती! ही चादर नाही! तुमच्या इस्त्रीपायी मी अठरा वर्षं काम करणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर हाकललं. आता कोणत्या तोंडाने त्याच्यापुढे जाऊ? वास येत होता तर सांगायचं!”

“सांगितलं होतं,” इन्चार्जबाई म्हणाल्या. “तुम्ही हसलात.”

जावई क्षणभर अडखळला. “मग पुन्हा सांगायचं! ओरडून सांगायचं! पण स्वतःच्या डोक्याने...”

“अहो, पुरे! आई आहे ती!” लेक मध्ये पडली.

इन्चार्जबाईंनी निळ्या ढिगाखालून एक हात काढून लेकीला गप्प केलं. “बोलू दे त्यांना. कामाचं बोलतायत.”

जावई आणखी बोलला. ब्रेकच्या धुळीवर बोलला, वितळलेल्या टोकांवर बोलला, वकीलबाईंवर तर खूपच बोलला. इन्चार्जबाई दुसऱ्या पायरीवर ताठ उभ्या राहून ऐकत होत्या. एकेक शब्द लागत होता आणि खरा होता. डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात भरलेले होते. मागच्या दारात सावकाश येऊन उभा राहिला होता, हातात ओली बादली घेऊन.

शेवटी जावयाचा दम संपला. त्याला दारातला सावकाश दिसला, आणि जावयाचा चेहरा पडला.

“सावकाश... माझंच चुकलं.”

“गाडी आत घेऊ का साहेब?” सावकाश म्हणाला. “आत्ता धरलं तर सोमवारपर्यंत होईल. टॉवेल तेवढे नवे लागतील.”

“घे.” जावयाने खुर्ची उचलून सरळ केली आणि सासूबाईंकडे वळला. राग उतरत होता तसतशी त्याला आपण काय बोलून बसलो याची जाणीव होत होती. बिचारा पार ओशाळला. “आई, मी... मला माफ करा. तोंडाला येईल ते...”

इन्चार्जबाई दोन पायऱ्या उतरल्या. निळा ढीग त्यांनी मशीनवर ठेवला, आणि मग पदराने डोळे टिपले.

“माफीचं नंतर बघू,” त्या म्हणाल्या. “सोमवारी मी किती वाजता यायचं ते सांगा.”

 बाहेर फुटपाथवरचा माणूस अजून उभाच होता.

“आठ वाजता,” जावई म्हणाला. मग पुन्हा त्याचा आवाज जरा चढला. “नाही. पावणेआठला. तुम्हाला पहिल्यापासून शिकवावं लागणार आहे.”

“बरं,” इन्चार्जबाई म्हणाल्या.